पितृपंधरवड्यातली खरेदी

"पितृपंधरवड्यात कुणी नवीन वस्तू घेतं का गं?" असं मी विचारलं, तेव्हा मृण्मयी दारात बसून बुटाच्या नाड्या आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "नवीन कुठंय आई? जुनीच घ्यायलोय आपण."

घ्या! आपल्याच पोटच्या पोरीशी बोलायला जावं आणि आपलंच तोंड बंद करून घ्यावं. आमचे हे, रेणुकादासराव, पेपरमागं लपले होते. "सरोजिनी, तू जा सोबत. मी गेलो तर तिथं भांडण होईल," एवढंच बोलले. जन्मभर तहसिलात नोकरी केलेला माणूस. काम दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची सवय काही सुटत नाही.

वस्तू कोणती म्हणाल, तर पॅराशूट. विमानातून उडी मारायचं, आणि तेही सेकंडहँड. आमच्या घरात आजवर जुनी सायकल आली, जुनी शिलाई मशीन आली, पण जिच्यावर जीव टांगायचा ती वस्तू कुणी जुनी घेतल्याचं मला आठवत नाही.

मृण्मयी कॉलेजात एनसीसीत होती. आग्र्याला कसला कॅम्प झाला, तिथं या पोरांना विमानातून खाली सोडलं. ही तेव्हा वर जी गेली ती अजून खाली आली नाही. पुढं नांदेडातच एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि पगार साठवून साठवून थायलंडला जाऊन उड्या मारायचं लायसन काढून आली. लोकांच्या पोरी तिकडं हनिमूनला जातात.

यंदा तिला गुजरातेतल्या एका केंद्रातून बोलावणं आलं. हौशी लोकांना विमानातून उडी मारायला नेतात तिथं. त्यांच्या बाजूनं आपणही उडी मारायची आणि त्यांचा व्हिडिओ काढायचा, ही नोकरी. अट एकच, दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायच्या आत स्वतःचं सामान घेऊन या. नवीन सामान परदेशातून मागवावं लागतं, मापानं शिवून यायला कित्येक महिने जातात, आणि त्या पैशात नायगावला प्लॉट येतो. तरी बाईसाहेब शाळेचा राजीनामा देऊन मोकळ्या! मी डोक्याला हात लावला. तर म्हणाली, "आई, मी एकतीसची झाले. यंदा नाही गेले तर ते मला पुन्हा विचारणार नाहीत. मग मी आयुष्यभर शिट्टी वाजवत पोरांची रांग लावत बसेन. मला तसं मरायचं नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी पोर सहसा रडत नाही.

पण मीही आईच आहे. मी काय करणार? देवघरात बसून माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलले. आई, हा सौदा मोडू दे, माझी पोर जमिनीवर राहू दे, खणानारळानं तुझी ओटी भरीन. यात लपवण्यासारखं मला काही वाटत नव्हतं. जगातल्या कुठल्याही आईनं तेच मागितलं असतं. मृण्मयीला मात्र सांगितलं नाही.

विकणारा लातूरचा. महांतेश नाव. तो स्वतः उड्या मारायचा, बाहेरच्या देशात जाऊन शिकवायचासुद्धा. आभाळातून इतक्या वेळा पडून ज्याला कधी खरचटलं नाही, त्याला औसा रोडवर पाण्याच्या टँकरनं उडवलं. कमरेखालचं सगळं गेलं. उड्या मारणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यावर त्यानं सामान विकायचं म्हणून टाकलं होतं.

मी पॅराशूटची खरेदी कधी पाहिली नव्हती, पण हा माणूस विकणारा कमी आणि परीक्षक जास्त वाटला. फोनवर हिलाच विचारत सुटला. कापडात दम आहे की नाही ते कसं ओळखाल? शिलाई आधी कुठं उसवते? राखीव छत्रीचं सील तुटलेलं दिसलं तर काय कराल? ही आपली फडाफडा उत्तरं देत होती. मी म्हणलं, मेल्या, मुलगी बघायला आलास का? तर मृण्मयी खूश. "चांगला माणूस आहे आई. आपली वस्तू भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून विचारायलाय." फोटो पाठवले होते त्यानं. निळ्या आभाळात नारिंगी-पांढरी छत्री, बघत राहावी अशी. आत्ताचा फोटो पाठवा म्हणल्यावर म्हणाला, फोटोत कापड कळत नाही, या आणि हात लावून बघा.

तर निघालो. बायकांना एसटीचं अर्धं तिकीट, त्यामुळं बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लोहा गेल्यावर बसायला मिळालं आणि मृण्मयीची टकळी सुरू झाली. कित्येक महिन्यांत पोर एवढं बोलली नव्हती. पाठीवरच्या पिशवीत दोन छत्र्या असतात म्हणे. एक रोजची आणि एक राखीव, पहिलीनं दगा दिला तर उघडायची.

"आणि दुसरीनं पण दगा दिला तर?" मी विचारलं.

"मग तुझी रेणुकामाता आहेच की," ती हसत म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघत बसले. अहमदपूर येईपर्यंत मी तिच्याकडं पाहिलं नाही.

लातूरला घर सापडायला वेळ लागला नाही. गल्लीत शिरलं की सगळीकडं दोऱ्या बांधलेल्या, गोधड्या वाळत घातलेल्या. घटस्थापना तोंडावर आली होती आणि घराघरात दसरा काढणं चालू होतं. दसरा काढायचा म्हणजे घरातलं झाडून सगळं धुवायचं. पांघरुणं, पडदे, अभ्रे, वर्षभर कुणी हातसुद्धा न लावलेल्या चादरी, सगळं धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घडी घालायची. आमच्याकडं ज्या बाईनं दसरा काढला नाही तिला बाई म्हणत नाहीत. महांतेशच्या आईनं, सिंधुबाईनं, ओल्या हातांनीच दार उघडलं.

"या अक्का, या. सकाळपास्नं वाट बघायलेय. तुमचा झाला का दसरा?"

"कुठला होतोय! निम्मा राहिलाय. या पोरीनं इकडं ओढून आणलं."

"माझा बी लई राहिलाय. पाणी एक दिसाआड, काय करावं सांगा!"

झालं, आमचं जमलं. बाई अंगानं वाळलेली, कपाळाला विभूती, पण हसणं असं की आपलं माणूस भेटल्यासारखं वाटावं. निलंग्याकडचं माहेर, बोलण्यात मधेच कानडी यायची. पोरगा तिला अव्वा म्हणायचा.

तो बाहेरच्याच खोलीत खिडकीपाशी लोखंडी खाटेवर होता. दंड चांगले भरलेले, दाढी वाढलेली, पायांवर चादर. "आलात, बरं झालं," म्हणाला. मृण्मयीनं नमस्कार केला आणि लगेच उड्यांच्या गोष्टी काढल्या. तो हो-नाही एवढंच बोलत होता. मला वाटलं, बिचाऱ्याला आपली वस्तू जाताना बघवत नसेल.

सिंधुबाईनं आतल्या गोदरेजच्या कपाटातून ती पिशवी आणली. जुन्या इरकल लुगड्यात गुंडाळलेली. गाठ सोडल्याबरोबर रिठ्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. पिशवी नवी कोरी वाटत होती. पट्ट्यांवर धुळीचा कण नाही. मी तर तोंडभरून म्हणलं, "वा! किती निगुतीनं ठेवलंय हो! वस्तू ठेवावी तर अशी!"

सिंधुबाईचा चेहरा फुलला. मृण्मयीचा कसा झाला ते मी बघितलं नाही. मी पिशवीच बघत होते.

मृण्मयीनं पिशवी उघडली आणि आतून दोऱ्या बाहेर ओढल्या. छत्रीला माणसाशी बांधणाऱ्या त्या बारीक बारीक दोऱ्या. त्यांची छान तिपेडी वेणी घातलेली होती. शेवटाला लाल रिबिनीचं फूल.

"गुंता लई व्हायचा बघ बाई," सिंधुबाई म्हणाली. "मग वेणी घालून टाकली. पोरगी न्हाई मला, तेवढीच हौस."

मृण्मयीनं वेणी बाजूला सारली. तिनं छत्रीचं कापड मांडीवर घेतलं. नारिंगी रंग विटलेला होता, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर निळसर झाक. धोतराला नीळ जास्त झाली की येते ना, तशी. तिनं एक घडी दोन हातांत ताणून धरली, तोंडाला लावली आणि फुंकर मारली. मी समोरच बसले होते. वारा माझ्या तोंडावर आला.

तिनं दुसरीकडं धरून फुंकर मारली. मग तिसरीकडं. मग पाठीकडचा छोटा कप्पा उघडला आणि तिथंच हात ठेवून बसून राहिली.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "हे धुतलंय का?"

"तर!" सिंधुबाई मांडी घालून खालीच बसली. "हा सोलापूरला दवाखान्यात होता. डाक्टर म्हणले, दसऱ्याला घरी न्या. म्हणलं, लेकरू मरणाच्या दारातून घरी यायलंय, तर त्याचं समदं सामान दसऱ्यात काढावं. निलंग्याला भावाच्या शेतात विहीर हाय, टेंपोत घालून तिथं नेलं. रातभर रिठ्यात भिजवलं. सोडा न्हाई बरं का घातला, सोड्यानं रंग जातो. पांढऱ्याला नीळ दिली. दोन दिस कडक उन्हात वाळवलं. आन् गंमत ऐका अक्का, ह्या बारक्या कप्प्याला दोरा मारून शिसं लावलं होतं. कापला, तर आत आणिक एक निघाली! म्हणलं, अगं बाई, ही तर धुवायचीच राहिली असती! तवापास्नं दर दसऱ्याला धुते. आधी कसं कडक होतं कापड, कागदावानी, सळसळ वाजायचं. आता बघा, लुगड्यावानी मऊ आलंय. हा उठला की लागंलच की त्याला."

मला तर भरून आलं. मी असते तर मीही हेच केलं असतं, रिठासुद्धा तोच वापरला असता. तसं मी म्हणालेही.

महांतेश खिडकीबाहेर बघत होता.

"काकू, चहा मिळेल का थोडा?" मृण्मयीनं विचारलं. ही पोर जन्मात चहाला शिवत नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की काहीतरी बिनसलंय. सिंधुबाई "अगं बाई, बोलण्याच्या नादात विसरलेच की!" करत आत गेली. आतून स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.

"तुम्हाला माहीत होतं," मृण्मयी म्हणाली.

"हो."

"राखीव पण?"

"सगळंच."

"अगं, काय झालंय तरी?" मी विचारलं.

"आई, या कापडावर एक लेप असतो. त्यानं वारा अडतो. तो रिठ्यात गेला. उन्हानं धागा कुजतो, तो दरसाल कुजलाय. ही छत्री घेऊन उडी मारली तर वर जुन्या धोतरासारखी फाटेल. राखीवही तशीच. पट्टे, वेळेला आपोआप छत्री उघडणारं यंत्र, सगळं विहिरीत बुडवलंय." तिनं घडी नीट घातली. "यातलं काहीच चालणार नाही. यातला खिळासुद्धा."

खरं सांगते, पहिल्यांदा माझ्या छातीवरचा दगड उतरला. देवीनं ऐकलं! पोर वाचली! आणि मग मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. आरडाओरडा केला असता, रडली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बसली होती. तिचा चेहरा एकदम वयस्क दिसला, माझ्यापेक्षाही. मला माझ्या आनंदाची शिसारी आली.

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आला असतात?"

तो खालच्या आवाजात बोलायला लागला, एक कान आतल्या खोलीकडं ठेवून.

"ती दर दसऱ्याला ते धुते आणि बरोबर या खिडकीसमोर वाळत घालते. दोन दिवस मी ते बघत पडून राहतो. ती येता-जाता म्हणते, उठलास की लागंल. मी उठणार नाही हे डॉक्टरनं तिला सांगितलंय. मी सांगितलंय. ती सगळं ऐकून घेते आणि रिठे फोडायला बसते. ताई, मला आता ते बघवत नाही. यंदाचा दसरा यायच्या आत हे घरातून जायला पाहिजे."

"फेकून द्यायचं होतं."

"फेकू देत नाही. जो उडवील त्याला देते म्हणाली."

"मग तिला सांगायचं, खराब झालंय म्हणून."

"कशानं खराब झालं म्हणून सांगू?" तो म्हणाला. "तू हातानं धुतलंस म्हणून?"

मृण्मयीनं हातातली घडी खाली ठेवली. त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आधी तिघंचौघं नवशिके होते फोनवर. न बघताच पैसे पाठवतो म्हणाले. त्यांनी उडी मारली असती. तुम्हाला सगळं येत होतं. तुम्ही हात लावला की ओळखणार हे मला कळलं, म्हणून तुम्हाला बोलावलं. पैसे नकोत. नुसतं घेऊन जा."

"मी नोकरी सोडलीय!" आता तिचा आवाज चिरकला. "गुजरातवाल्यांना सांगितलंय, सामान मिळालं म्हणून. दुसऱ्या दोन ठिकाणी मिळत होतं ते मी सोडलं, तुझं चांगलं आहे म्हणून. ते कधीच गेलं. तुझ्या आईचं मन राखायला तू माझं वाटोळं केलंस."

"हो," तो म्हणाला. "केलं. मला दुसरं कुणी मिळालं नाही."

मग मात्र माझा तोल गेला. मी तावातावानं उठले. "लाज नाही वाटली का रे तुला? पांगळा झालास म्हणून काय दुसऱ्याच्या पोरीच्या आयुष्याशी खेळायचं? वाट बघायला लावायची, आशा दाखवायची आणि पाठीमागून..." आणि माझी जीभ तिथंच जड झाली. मी माहूरच्या आईकडं काय मागणं घातलं होतं? याच्यापेक्षा वेगळं काय मागितलं होतं मी? मी मुकाट खाली बसले. तो माझ्याकडं बघत होता. रागावलासुद्धा नाही मेला.

सिंधुबाई चहा आणि बशा भरून मुरमुऱ्यांची सुशीला घेऊन आली. वरून शेंगदाणे, कोथिंबीर, अगदी पाहुण्यांना करावी तशी. बशी मृण्मयीच्या हातात दिली आणि तिथंच उभी राहिली.

"मग? पसंत हाय ना? उडंल ना गं हे?"

महांतेशनं डोळे मिटले. मृण्मयीनं बशीतले मुरमुरे चमच्यानं उगीच इकडचे तिकडे केले.

"उडेल की काकू," ती म्हणाली. "छान उडेल."

बाईनं पदर डोळ्याला लावला. आत जाऊन हळदीकुंकू घेऊन आली. मृण्मयीला लावलं, मला लावलं, मग त्या पिशवीलाही लावलं आणि वर विभूतीची बोटं ओढली. पैशाचं विचारलं नाही तिनं, "आलेत मोबाईलवर," असं महांतेशनंच सांगून टाकलं. आम्ही निघालो तर दारापर्यंत आली, माझा नंबर घेतला आणि मृण्मयीचा दंड धरून म्हणाली, "रिठ्यातच धू बरं का बाई. साबणाच्या नादी लागू नको."

"हो काकू."

मागं वळून पाहिलं, तर महांतेश खाटेवर तसाच पडला होता. आभार मानले नाहीत त्यानं. मानले असते तर मी तिथंच त्याच्या कानशिलात वाजवली असती.

परतीच्या बसमध्ये ते धूड मृण्मयीनं मांडीवर घेतलं. कंडक्टर गमतीत म्हणाला, "म्याडम, ह्याचं फुल तिकीट लागंल, अर्धं न्हाई." कुणी हसलं नाही तसा तो पुढं गेला. चाकूर गेलं. मला काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

"दुसरं मिळेल गं."

"नाही मिळणार."

"मग शाळेत परत जाऊन विचारू. मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत."

"जागा भरली आई. मीच नवीन मुलीला मैदान दाखवून आले."

पुढं नांदेडपर्यंत ती त्या पिशवीवर हनुवटी टेकवून बसली होती. कपड्यांना रिठ्याचा वास लागला होता.

दुसऱ्या दिवशी ती व्हरांड्यात कात्री घेऊन बसली. चुकूनसुद्धा कुणी हे अंगावर चढवू नये म्हणून दोऱ्या कापून टाकायच्या असतात म्हणे. आधी तिनं रिबिनीचं फूल सोडलं, मग वेणी सोडली, सावकाश, एकेक पेड. मी म्हणलं, "कापायचंच आहे तर सोडतेस कशाला?"

"काकूंनी घातलीय," ती म्हणाली. आणि मग एकेक दोरी कापली. रेणुकादासराव त्या दिवशी पेपर न वाचता आत जाऊन झोपले.

गुजरातेतून फोन आला तेव्हा ती गच्चीत गेली आणि लगेच खाली आली. "दुसऱ्याला घेतलं त्यांनी," एवढं सांगितलं. मी उरलेला दसरा काढत होते. मोरीपाशी चादरींचा ढीग होता. ती आत गेली, उड्या मारतानाचा आपला तो निळा सूट आणि हातमोजे घेऊन आली आणि ढिगावर टाकले.

"हेही काढ यात."

"अगं, हे धुतलेलं चालतं का?"

"आता काय फरक पडतो?"

मी ते भिजवलं. दुसरं काय करणार? माझ्याकडं रिठाच होता.

दसऱ्याला संध्याकाळी सिंधुबाईचा फोन आला. माझा हात कणकेत होता, म्हणून मृण्मयीनं फोन उचलून माझ्यासमोर ठेवला, आवाज मोठा करून.

"सोनं घ्या अक्का! पोर उडाली का?"

मी मृण्मयीकडं पाहिलं. तिनं मान हलवली, सांग म्हणून.

"उडाली हो," मी म्हणलं. "लई छान उडाली."

"देवा! कसं दिसत होतं हो वर?"

काय सांगू? मी आयुष्यात पाहिलं नाही. "नारिंगी दिसत होतं," म्हणलं.

"ह्याला सांगते. लई गप झालाय बघा ती पिशवी गेल्यापास्नं. जेवना गेलाय. भिंतीकडं तोंड करून पडतो. मी म्हणलं, काळजी कशाला करतोस, उठलास की नवीनच घेऊ. जुनं कशाला? त्याचं कापड कसं असतं ते जरा पोरीला विचारून ठेवा अक्का. कसं धुवायचं, ते पहिल्यापास्नं नीट कळालं म्हणजे बरं."

फोन मृण्मयीनंच बंद केला. मी वाट बघत होते की आता तरी हंबरडा फोडेल, मला शिव्या देईल, त्या महांतेशला देईल. "पोळी करपली," ती म्हणाली आणि गॅस बारीक केला.

नवस फेडायला मी टाळाटाळ करत होते. पण देवीचं देणं अंगावर ठेवायची माझी छाती नाही. कोजागिरी व्हायच्या आधी जाऊन यावं म्हणून पिशवीत खण-नारळ भरत होते, तर रेणुकादासराव मोठ्यानं म्हणाले, "माहूरची बस लवकरची आहे बरं का! नवसाला उशीर नको." तहसीलवाल्याला तोंड उघडायला नेमकी तीच वेळ सापडली.

"कसला नवस गं?" मृण्मयीनं विचारलं.

"आहे एक. तुझ्या भल्यासाठीच."

"थांब, मी पण येते. मोकळीच तर आहे."

मी नको नको म्हणलं. गर्दी असते, पायऱ्या आहेत, ऊन आहे, सगळं सांगून झालं. तोवर ती बुटाच्या नाड्या बांधून तयारही झाली.

गडाच्या निम्म्या पायऱ्यांवर मला दम लागला. मी कठड्याला धरून उभी राहिले. मृण्मयी दोन पायऱ्या खाली आली, माझ्या हातातली ओटीची पिशवी घेतली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी मी तिच्या फिरवायचे तसा.

"पुरा झाला ना तुझा नवस?"

"झाला," मी म्हणलं.

"बरं झालं आई," ती म्हणाली. "घरात कुणाचं तरी ऐकलं तिनं."

आणि ती पायऱ्या चढायला लागली. पिशवी तिच्याच हातात होती.